रविवारची आगाऊ नोंद

लोकांच्या लिफ्टची जराशी कुरकुर कानावर आली की हातातलं टाकून धावणारा हा मिस्त्री, पण स्वतःचं पोट दोन वर्षं कुरकुरत होतं तरी त्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. कपडे अंगावर लोंबायला लागले तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंची पायरी चढला. आतड्याला सूज निघाली.

"गोळ्या देते. आणि वही ठेवा," बाई म्हणाल्या. "काय खाल्लं, पोट कसं होतं, मन कसं होतं."

"बाई, दुखतंय पोट. त्यात मनाचं काय काढलंत?"

"चौथ्या मजल्यावर आवाज आला, की बिघाड चौथ्याच मजल्यावर असतो का?"

आवाज एकीकडे आणि दोष भलतीकडे, यात तर मिस्त्रीचे केस पिकले होते. बाईंनी समजावलं : आतडं आणि मेंदू सारखे एकमेकांना निरोप धाडतात. सूज असली की मनही मलूल होऊ शकतं, आणि मन खचलं की पोट आणखी बिघडतं.

वही ठेवली त्याने. पण जित्याची खोड! लिफ्टच्या तपासणीच्या कार्डावरसुद्धा हा गडी पुढच्या दोन खेपांचं 'ठीक' आधीच लिहून मोकळा व्हायचा.

शुक्रवारी बाईंनी वही उघडली.

"आज शुक्रवार. मग परवा येणाऱ्या रविवारची नोंद कशी झाली? 'पाव, उकडलेला बटाटा. एकटाच. पोट दुखलं. मन ठीक.'"

मिस्त्री ओशाळला. "रविवारी वेगळं काय होणार, बाई?"

बोलून गेला खरा, पण ते त्याचं त्यालाच ऐकवेना. पूर्वी दर रविवारी तो ताईकडे जेवायचा. पुढे ताटावरून दोनदोनदा उठावं लागायला लागलं, भाचरं फिदीफिदी हसली, आणि लाजेने त्याने जाणंच सोडलं. 'काम आहे' ही एकच सबब दीड वर्ष पुरली होती.

बाईंनी ती ओळ खोडली. "जे होईल ते लिहा."

बाहेरच्या बाकावर बसून त्याने ताईला फोन लावला. सगळं सांगून टाकलं, अगदी संडासासकट.

"रविवारी ये," ताई म्हणाली. "संडासाजवळची खुर्ची तुझी. कुणी हसलं तर माझ्याशी गाठ आहे." मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "वेड्या, दीड वर्ष मी माझ्या स्वयंपाकात चूक शोधतेय रे."