हुरड्याच्या दिवसांतला गोल्फ

धुरपताबाईचं डोकं त्या हिवाळ्यात सूर्य उगवायच्या आधीच तापायचं. ज्वारी हुरड्यात आलेली, उजाडताच पाखरांची झुंबड पडायची, आणि माचाणावर गोफण घेऊन उभं राहायचं सोडून तिचा नवरा, दिनकरराव पाटील, शेजारच्या माळावर तालुकदार साहेबाबरोबर काठीनं चेंडू मारत फिरायचा!

साहेब निजामाचा अंमलदार. विलायतेत शिकून आला तो गोल्फचं वेड घेऊनच. दौऱ्यावर असताना पाथरीच्या वाटेवरचा हा माळ त्याच्या मनात भरला, आणि चार दिवसांसाठी ठोकलेला तंबू महिना झाला तरी हलेना. एकट्यानं खेळण्यात मजा नाही म्हणून जोडीला गावचा पाटील धरला. "पाटील, ये तो सर्दी का खेल है!" असं तो खुशीत म्हणायचा. म्हणायला काय जातंय? त्याच्या अंगात लोकरीचा कोट होता. दिनकररावांच्या अंगात नुसती बंडी, बोटं गारठून काठी हातात ठरायची नाही, आणि धुई अशी की समोरची बाभळ दिसू नये. चेंडू जायचा तो नेमका पाटलाच्याच ज्वारीत. मग तो हुडकायला साहेबाचे दोन शिपाई रानडुकरासारखे पिकात घुसायचे. ताटं आडवी व्हायची, कणसं मोडायची. पावसाळी पीक आधीच हातचं गेलेलं. घराची वर्षाची भाकरी आता या एका रानावर होती.

"अवं, एक शब्द बोला की सायबाला," धुरपताबाई रोज म्हणायची. "ज्वारी निघूस्तोवर खेळ बंद ठिवा म्हणावं. ह्या थंडीत खेळून मिळायलंय काय? पडसं?"

"सायेब हायेत त्ये," दिनकरराव नाक पुसत म्हणायचे. "त्यान्ला नगं कसं म्हणावं?"

"मग पाखरान्ला म्हणा. त्ये तरी ऐकतील तुमचं!"

माणूस चांगला धिप्पाड, पण अंमलदारापुढं उभा राहिला की घशातून आवाज फुटायचा नाही. नवऱ्याच्या या मऊपणाची तिला पाखरांपेक्षा जास्त चीड यायची.

अशात येळवस आली. त्या अमावस्येला सगळं घर रानात जेवतं. कडब्याची कोप करायची आणि आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे. आदल्या दिवशी धुरपताबाईनं ते रंगवले. उरलेल्या चुन्याची वाटी घेऊन दिनकरराव गोठ्याकडे निघालेले दिसले, तशी ती खेकसली, "आता त्यो चुना कशाला नासायलात?"

"बैलाच्या शिंगाला," ते पुटपुटले.

सणाच्या दिवशी तरी जाऊ नका म्हणून तिनं विनवलं. पण तंबूतून बोलावणं आलं आणि पाटील गेलेच. पांडव पहाटेच कोपीत मांडून झाले होते. ती बाहेर नैवेद्य वाढतेय तोच माळावरून खाडकन आवाज आला, आणि पाठोपाठ नवऱ्याची बोंब.

ती पळत गेली. साहेबाची जिवापाड जपलेली विलायती काठी मोडून दोन तुकडे पडले होते. दिनकरराव मनगट धरून खाली बसले होते, आणि गवतात चुन्यानं रंगवलेला, टवका उडालेला गोटा होता.

"धुई हाय, सायेब," दिनकरराव कण्हत म्हणाले. "मला चेंडूच वाटला."

साहेबानं दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना जोडून पाहिले. "जिसे पत्थर और गेंद में फर्क न दिखे, उसके साथ क्या खेलना!" मग शिपायांकडं वळून म्हणाला, "डेरा उठाओ. मानवत चलो." शिपाई तोंड दाबून हसत होते.

धुरपताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटभर तिच्या तोंडाला खळ नव्हता. "सणासुदीला कोपीतला पांडव उचलून नेलात, देवावर काठी घातलीत! शिपायांसमोर हसं करून घेतलं!" हात जोडून माफी मागावी म्हणून ती कोपीत वाकली.

आत पाची पांडव जागच्या जागी होते.

तिनं मागं वळून पाहिलं. नवऱ्याच्या नखांत चुना होता. बाभळीखाली बैल उभे होते, आणि त्यांची शिंगं काळीच होती.

"तुमी?"

"बोलायला काई जमंना, गं," दिनकरराव खाली बघत म्हणाले. "मग म्हणलं, येडं ठरू."

तिनं त्यांचा दुखरा हात हातात घेतला. पण राग इतक्या सहजी कुठला जातोय? "अवं, एक शब्द बोलला असतात तर हात तरी धड ऱ्हायला असता! आता गोफण कोण फिरवंल?" मनगट सुजून टम्म झालं होतं. तिनं लुगड्याची धांदोटी फाडून त्यावर बांधली, पदर खोचला आणि चिडचिड करतच माचाणावर चढली.

धुई विरली तशी पाखरं आली. ती गोफणीत खडा घालतेय तोच खालून दिनकररावांनी छाती भरून हाळी दिली, "हाऽऽ! हाऽऽ रे!" सगळा थवा भर्रकन उठला. माळावर तंबू गुंडाळणारे शिपाईसुद्धा दचकून वळून बघायला लागले.

"एवढा आवाज होता व्हय तुमच्यापाशी?" धुरपताबाईनं वरूनच झापलं आणि पदरानं डोळे पुसले. "मग महिनाभर कुठं ठिवला होता?"