एक आटा जास्त

“दहा मिनिटं फ्यूज काढ की. गल्ली तुझीच आहे,” वन्सं म्हणाल्या.

“ताई, दिवे मी लावले म्हणून ते माझ्या बापाचे होत नाहीत. अंधारात कुणी अडखळलं तर?” हे म्हणाले, आणि बाल्कनीत स्टँडवर कॅमेरा चढवू लागले.

गल्लीतले पिवळे दिवे लावण्यात, दुरुस्त करण्यात आमच्या ह्यांची एकतीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर माणसाला चांदण्यांचे फोटो काढायचा नाद लागला आणि आडवा कोण आला, तर ह्यांचाच उजेड. पहिले सगळे फोटो पिवळेधमक. मी पोट धरून हसले होते. पण चांगला फोटो काढायची घाई वन्संसाठी होती. ह्यांच्या ह्या थोरल्या बहिणीची नजर महिन्यागणिक कमी होत चाललीय. पुढच्या हिवाळ्यात कितपत दिसेल, ते डॉक्टरही सांगेनात. लहानपणी गच्चीवरून कृत्तिकांचा पुंजका त्यांनीच ह्यांना दाखवला होता. ह्यांना त्यात सात चांदण्या दिसायच्या, वन्संना सहाच. “थापाड्या,” म्हणून त्यांनी ह्यांचा कान पिळला होता. साठी उलटली तरी ह्यांच्या मनातून ते जाईना.

म्हणून तर हा फिल्टर मागवला. बाटलीच्या झाकणासारखी, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची गोल काच. दिव्यांचा पिवळा उजेड अडवते, चांदण्यांचा बराचसा आत सोडते.

ह्यांनी ती बसवली आणि फोटो काढून टीव्हीवर लावला. आभाळ खरंच काळं आलं होतं, पण चांदण्यांचे फुगे झाले होते.

“छोट्या, हे साबणाचे बुडबुडे आहेत,” वन्सं म्हणाल्या.

ह्यांचा चेहराच पडला. “काचच खराब आहे. परत पाठवतो.”

मला काचेवर संशय नव्हता. मी ह्यांचे हात पाहिले होते. खांबावरचं काम वाऱ्यापावसात टिकलं पाहिजे, म्हणून दिसेल ते एक आटा जास्त आवळायची ह्यांची सवय. फिल्टर आवळताना लेन्सचं फोकसचं कडंही सोबत फिरलं होतं.

“अहो, सरका. हा काय दिव्याचा खांब आहे?” मी जन्मभर शिवणकाम केलंय, नाजूक वस्तूला मूठ लावायची नसते, एवढं मला कळतं. डाव्या हातानं ते कडं धरून ठेवलं, फिल्टर सैल केला आणि दोन बोटांनी, अडेल तिथं थांबत, पुन्हा बसवला. मग ह्यांनी एक ठळक चांदणी टाचणीच्या टोकाएवढी होईपर्यंत फोकस जुळवला आणि कृत्तिकांचा फोटो काढून टीव्हीवर लावला.

वन्सं टीव्हीला नाक लावून बोटानं मोजू लागल्या. “पाच... सहा...” बोट थांबलं. मग जरासं सरकलं. “सात. आठ. अरे, ही नववी. थापाड्या कसला, तू तर कमीच सांगितल्यास.”

हेही टीव्हीपाशी येऊन मोजू लागले.

“इकडे ये.” हे वाकले. वन्संनी चाचपत कान शोधला आणि हलकेच चोळला.

“ताई, हा डावा. तू पिळला होतास तो उजवा.”

“मग तोही आण.”

ह्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. खाली गल्लीतले सगळे दिवे चालू होते.