एक आटा ढील

मिस्त्रींनी उभा जन्म शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात घालवला, आणि त्या सगळ्या मशीनांनी आपल्याला एकच गोष्ट शिकवली, असं ते येईल-जाईल त्याला सांगत: स्क्रू गच्च आवळू नये. योग्य जागी आणावा आणि वर एक आटा ढील द्यावी, म्हणजे यंत्र मोकळं राहतं. हे घरात इतक्यांदा ऐकून झालं होतं की जेवून पोट तट्ट झालं की मुलगा पट्ट्याला हात लावून विचारायचा, "काय बाबा, एक आटा ढील?" पण त्यांच्या हाताखालून गेलेलं मशीन कधी तक्रार घेऊन परत आलं नाही. मग बोलणार कोण?

त्यामुळे सुनेच्या सायकलचा गिअर बिघडला आणि ती दुकानात न्यायला निघाली, हे त्यांना मुळीच रुचलं नाही. घरात मिस्त्री असताना दुकान? सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. आठवडाभर लोकांना सुया टोचायच्या आणि रविवारी सायकलवाल्या टोळक्याबरोबर टेकडी चढायची, हा तिचा छंद. चढायची म्हणजे शेवटच्या वळणापर्यंत. तिथं दर वेळी उतरून सायकल ढकलावी लागे, कारण चढाला लागणारा सगळ्यात हलका गिअर पडतच नसे. चेन मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर चढायला तयार नव्हती. ते एक वळण सीटवरून न उतरता पार करायचं, एवढंच तिला हवं होतं.

मिस्त्रींनी गॅलरीत सायकल उलटी उभी केली आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मागच्या गिअरवर दोन बारके स्क्रू होते. त्यातला एक थोडा सैल केला, पेडल हातानं फिरवलं, तशी चेन टुणकन मोठ्या चकतीवर जाऊन बसली. सून खूश. इथं थांबायला हवं होतं हो! पण सवयीला औषध नाही. सून चहा टाकायला आत वळली आणि मिस्त्रींनी वर एक आटा ढील दिली.

आता तो स्क्रू म्हणजे कुंपण. चेननं कुठवर जायचं, एवढंच त्याचं काम. कुंपण सरकवलं की चकतीच्या पलीकडे थेट चाकाच्या तारा. गॅलरीत हळूहळू फिरवताना चेन शहाण्यासारखी वागली. चढावर, सून जिवाच्या आकांतानं पेडल मारत असताना, वागली नाही.

शेवटच्या वळणावर तिनं तो गिअर टाकला, चेन चकती ओलांडून तारांत घुसली, चाक जागच्या जागी अडकलं आणि ती हातावर पडली. उजवं मनगट मोडलं. मुलानं सायकल उचलून घरी आणली. तारांत रुतलेली चेन पाहिली मात्र, मिस्त्रींची नजर त्या बारक्या स्क्रूवर गेली. सगळं कळलं त्यांना.

आणि सांगितलं का? छे. सून प्लास्टरमधला हात सांभाळत आपणहूनच म्हणत होती, की माझंच चुकलं, असा जोर लावून घाईत गिअर टाकायचा नसतो. मुलगा वर मीठ चोळत होता, की हिला लोकांच्या शिरा बरोबर सापडतात, गिअर तेवढा सापडत नाही. मग तिनं सासऱ्यांकडे पाहिलं.

"होतं असं गडबडीत," मिस्त्री म्हणाले.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर ते गॅलरीत गेले, चेन सोडवली आणि तो स्क्रू गुपचूप आत फिरवून ठेवला. झाकली मूठ.

पण मूठ झाकली म्हणून हात थोडाच स्वच्छ होतो? त्यांना घास गोड लागेना. सुनेनं तर धसकाच घेतला. मला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणत मिक्सरसुद्धा नवऱ्याला लावायला सांगू लागली. टोळक्यातल्या बायका भेटायला आल्या, तर त्यांचीच माफी मागत बसली, की माझ्या वेंधळेपणामुळे तुमची फेरी वाया गेली. मिस्त्री तिथंच पेपर तोंडापुढे धरून बसले होते. पेपर उलटा नव्हता, एवढंच.

प्लास्टर निघायच्या आतच तिनं सायकल विकायचं ठरवलं. रविवारी सकाळी मुलगा गॅलरीत सायकलचे फोटो काढत होता. सून पुढं झाली आणि डाव्या हातानं सीटवरची धूळ पुसली. मग पुन्हा पुसली, धूळ नव्हती तरी. मिस्त्रींना ते बघवेना.

"फोटो नको काढूस," ते मुलाला म्हणाले. "तिचं चुकलं नव्हतं. स्क्रू मी सैल ठेवला होता. आणि मागनं गुपचूप आवळला, तोही मीच."

मुलगा चक्क हसला. म्हणाला, बाबा, सुनेची बाजू घेताय ते ठीक आहे, पण तुमच्या हातून चूक? शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का? आणि त्यानं मोबाईल परत डोळ्यांपुढे धरला.

घ्या! जन्मभर कमावलेलं नाव असं कामाला आलं. सांगून तर झालं, कोणी मानलं नाही तर मी काय करू, असं क्षणभर मिस्त्रींना वाटलं. हायसंच वाटलं. आणि त्या हायसं वाटण्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. सून हसली नव्हती. ती त्यांच्याकडे एकटक बघत होती.

ते आतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. सायकल उलटी केली, तोच स्क्रू तेवढाच सैल केला. "आता तोच हलका गिअर टाक आणि पेडल जोरात फिरव," ते मुलाला म्हणाले. मुलानं फिरवलं. चेन मोठ्या चकतीवर चढली, तिथं थांबली नाही, पलीकडे उतरली आणि कर्रकन तारांत रुतली. चाक बंद. मुलाचा हात पेडलवर तसाच राहिला.

मग सून म्हणाली, "पडले त्याचं काही नाही, बाबा. कुणाच्याही हातून होतं. पण इतके दिवस मी स्वतःला नावं ठेवत होते, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

"हो," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी खाली मान घालून चेन सोडवली आणि स्क्रू आवळायला हात पुढे केला. सुनेनं त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ती फरशीवर बसली आणि डाव्या हातानं स्क्रू फिरवायला लागली. आधी उलट्या बाजूला फिरवला. मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं तिलाच कळलं, तिनं परत फिरवला.

"पेडल फिरवा," ती म्हणाली. "हळू."

मिस्त्री गुडघे मोडून तिच्यासमोर बसले आणि ती सांगेल तसं पेडल फिरवत राहिले.