चार बोटांची भेग

वृषालीनं टेपचं टोक गाभाऱ्याच्या चौकटीला धरलं आणि दुसरं टोक धरायला शकुंतलाबाईंना हाक मारली. भगवंतराव दोन हातांच्या अंतरावरच उभे होते. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला आणि शर्टाची बाही सारखी केली.

सौंसरहून ते सव्वीस वर्षं इथे येत होते. आधी सायकलनं, शाळेतून निवृत्त झाल्यावर बसनं. संत्र्याच्या बागेमागचं हे ओसाड हेमाडपंती देऊळ. शिखर कधीचंच ढासळलेलं, शाळुंका रिकामी, सभामंडपाच्या खांबांत पिंपळाची मुळं. बिनचुन्याचे दगड मात्र अजून एकमेकांना धरून होते. बागेच्या मालकीण शकुंतलाबाई दर खेपेस त्यांना चहा देत. आज पहिला कप नागपूरहून संशोधनासाठी आलेल्या या मुलीला गेला होता.

सकाळपासून तिनं सगळं मोजलं. उत्तरेकडच्या एका दगडावर पाथरवटानं कोरलेली बारीक खूण तिनं दाखवली. भगवंतरावांना ती कधीच दिसली नव्हती.

"पाहिली आहे मी," ते म्हणाले. त्यांचे कान तापले.

मागच्या भिंतीतल्या भेगेपाशी ती थांबली. ही जुनी की वाढते आहे, हे कुणाला ठाऊक असेल का, असं तिनं विचारलं. भगवंतरावांनी पिशवीतून वही काढली. तिला मदत व्हावी म्हणून नव्हे. आपण आधीचे, हे तिला कळावं म्हणून.

१९९८ : चार बोटं. २०११ : सव्वाचार. यंदा : साडेचार.

वृषाली दगडावर बसून वाचत राहिली. अशी नोंद कुठेच नाही, म्हणाली. भिंत सरकते आहे, लेखात मुख्य मुद्दा हाच घेणार.

"सर, तुमचं नाव माझ्या आधी टाकते."

भगवंतरावांनी उगाच, मोजताना घालत तशी, भेगेत बोटं घातली.

शकुंतलाबाई कप गोळा करत होत्या.

"जपून, गुरुजी. अडकले तं काढन कोन? पन अडकतीन कायले, बोटाईच्या निस्त्या काड्या झाल्या."

वृषाली हसली आणि लिहू लागली. भगवंतरावांनी हात बाहेर काढून उन्हात धरला. सैल कातडी, वर आलेली हाडं. मग त्यांनी पुन्हा भेगेकडे पाहिलं.

गप्प राहिलं तरी चालणार होतं. नाव छापून येईल. पुढे कुणी हुशार माणूस येऊन चूक काढेल, तेव्हा खाली मान हिची जाईल. हा विचार त्यांना गोड लागला, आणि तो गोड लागला म्हणूनच ते दचकले.

"मॅडम, ते खोडा."

"काय, सर? भिंत सरकली, ते?"

"भिंत जागीच हाय." एरवी परक्यासमोर जपलेली पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. "मीच वाळून राहिलो."