फोटोतला ताईत

चिंतामणी कारकुनानं छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि शीळच घातली.

"महिपती, ही छाती तुझी? अरे, पैलवानाची म्हणायची ही!"

महिपती टेबलाची कड धरून उभा. जिना चढून पाच मिनिटं झाली तरी श्वास जागेवर आला नव्हता.

"भाऊसाहेब, तीन वर्षांमागचा हाय त्यो. आता भट्टीपुढं उभं ऱ्हावत न्हाय. गेटवरला वॉचमन शिवप्पा सोमवारी काम सोडतोय म्हणं. तितं मला…"

पुढचं खोकल्यात गेलं.

होटगी रोडवरचा हा पत्र्याच्या शेडमधला कारखाना. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्यांचं भंगार आणायचं, वितळवायचं, विटा ओतायच्या. महिपती चौदा वर्षं भट्टीवर. रस तापला की त्यात पावडर टाकायची. मळी वर येते, आणि मळीबरोबर पांढरा धूर. तो आधी डोळ्यांत जातो, मग घशात, मग जातच नाही. मालक रोज गुळाचा खडा द्यायचा. गुळानं छाती साफ होते, असं सगळेच म्हणायचे. महिपतीनं चौदा वर्षं गूळ खाल्ला.

त्र्याहत्तर साली विमावाल्यांनी सगळ्यांच्या छातीचे फोटो मागितले. खराब निघेल त्याला घरी बसवणार, अशी आवई उठली. बाहेर दुष्काळ. माणसं खडी फोडत होती. महिपतीला तेव्हाच रात्री भिंतीला टेकून झोपावं लागायचं. त्याची बायको सारजाबाई म्हणाली, "माझा भाऊ हाय की. चिठ्ठीवर नाव असतंय, तोंड कुटं असतंय?"

मग वैरागहून हिंदुराव आला. तालमीतला गडी. महिपतीची चिठ्ठी घेऊन गेला आणि हसत परत आला. "दाजी, दम धरा म्हणला फोटोवाला. मी असा धरला, त्योच घाबरला की!"

नोकरी वाचली. सगळ्यांनी चहा घेतला.

"हे बघ," चिंतामणी म्हणाला, "गेटवर छाती बिघडलेल्यालाच बसवायचं, मालकाचा नियम आहे. कागदावर तू ठणठणीत. नवा फोटो काढायचा तर चिठ्ठी देतो. डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवून बघेल." तो थांबला. फोटो डोळ्यांजवळ नेला. "गळ्याखाली हे पांढरं काय रे? ताईत दिसतोय."

फोटोच्या वेळी हिंदुरावनं वस्तादानं दिलेला ताईत काढायला नकार दिला होता. हे महिपतीला आत्ता आठवलं. त्याचा हात आपल्या मोकळ्या गळ्याकडे गेला.

"व्हय. माझाच."

"मग कुठंय?"

"तुटला. भट्टीत पडला."

चिंतामणीनं फोटो खाली घेतला. खाली कुणीतरी पत्रा आपटला.

"लबाडी निघाली तर मालक गेटवर नाही, गेटाबाहेर बसवतो," तो हळूच म्हणाला. "देऊ चिठ्ठी?"

"नगं."

फोटो पाकिटात गेला.

संध्याकाळी सारजाबाई दारातच उभी होती. "काय म्हणले?"

"छाती लई चांगली हाय म्हणले."

तिला हसू आलं नाही. तिनं त्याच्या हातातली कागदाची पुडी उघडली. आत पत्र्याचा ताईत आणि काळा दोरा.

"ह्यो कशाला?"

"बांध. फोटोत दिसतोय."

"हिंदुरावला बोलवू का? खरं काय ते सांगंल त्यो."

"आन् त्येला बी गुतवू? बांध म्हणतो की."

गाठ मारताना तिची बोटं त्याच्या मानेवर थांबली. मानेत प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता.

दुसऱ्या दिवशी गुळाचा खडा तोंडात टाकून महिपती भट्टीपुढं आला. जोडीदार शरणप्पानं ताईत बघून डोळा मारला. "काय दाजी, पैलवानकी सुरू केली काय या वयात?"

"व्हय," महिपती म्हणाला.

वर ऑफिसच्या खिडकीत चिंतामणी उभा होता. महिपतीनं त्याच्याकडे बघितलं, सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि रसात पावडर टाकली.