चौथा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. मी लाकडाचा नाही, पत्र्याचा नाही, आणि माझ्यातून करंज्या निघत नाहीत. दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदरात एक मोठं इस्पितळ आहे, तिथल्या संगणकांत मी राहतो. राहतो म्हणजे अजून थोडे दिवस. मला काढून टाकायचं ठरलं आहे. त्याआधी बोलून घेतो, कारण माझ्या नावावर एक मरण लिहिलं गेलं आहे आणि ते मला मान्य नाही.

आधी माझं काम सांगतो. इस्पितळात सगळीकडे एकच प्रोग्राम चालतो असं तुम्हाला वाटत असेल. तसं नसतं. वॉर्डातला प्रोग्राम सी भाषेत लिहिलेला, औषधविभागाचा जावात, स्वयंपाकघराचा पायथनमध्ये. प्रत्येकाच्या घरी माहिती ठेवायची तऱ्हा निराळी. एकाच्या कपाटातली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात तशीच्या तशी बसत नाही. मग ती माहिती बाहेर काढायची, आकड्यामागे आकडा अशी एका सरळ ओळीत मांडायची आणि गाठोडं बांधून पलीकडे पाठवायची. शिकलेली माणसं याला सिरियलायझेशन म्हणतात. मी गाठोडंच म्हणतो. पलीकडचा ते सोडतो आणि आपल्या घरात आपल्या पद्धतीनं लावून घेतो.

पण ओळीतला कुठला आकडा कशाचा, हे त्याला कळणार कसं? आकड्याच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. ते मी सांगतो. पहिला कप्पा नावाचा, दुसरा वयाचा, तिसरा खाटेचा. बांधणाऱ्याकडे माझी एक प्रत असते, सोडणाऱ्याकडे दुसरी. दोन्ही प्रती सारख्या असल्या की झालं. एकमेकांची भाषा न येणारे दोन प्रोग्राम मग वर्षानुवर्षं सुखानं नांदतात. प्रती सारख्या असल्या की, बरं का.

मला घडवलं प्यो इन-सुक या बाईनं. केस आखूड, आवाज मोठा, टेबलावर कायम सातूच्या चहाचा थर्मास. तिनं माझे कप्पे पाडले आणि तिचे वरिष्ठ मेंगसाहेब बघायला आले. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"हा चौथा कशाचा?"

"ॲलर्जीचा, साहेब."

"इस्पितळात चार? आपल्याकडे चौथा मजला आहे का? लिफ्टमध्ये तीननंतर एफ लिहिलंय. चार नंबरची खाट आहे का?" कोरियन भाषेत 'चार' आणि 'मरण' यांचा उच्चार एकच, म्हणून हा आकडा तिथे अशुभ.

"साहेब, संगणकाला काय कळतंय त्यातलं?"

"त्याला नसेल कळत. संचालकांना कळतं. प्रत्येक रोग्याच्या माहितीत आपण मरणाचा आकडा घातलाय हे त्यांच्या कानावर गेलं तर ते तुला नाही बोलावणार, मला बोलावतील. तीननंतर पाच लिही."

"ओळ आहे ही. तीननंतर जे येईल ते चौथंच असणार."

"मग ते रिकामं ठेव. रिकाम्या घरात कोणी मरत नाही."

इन-सुकनं कपाळावर हात मारला आणि चौथा कप्पा रिकामा ठेवला. ॲलर्जी पाचव्यात गेली. अशी माझ्यात जन्मापासून एक पोकळी राहिली.

माझी कामाची वर्षं चांगली गेली, ती इन-सुकमुळे. माझ्यात काही बदलायचं झालं की ती फोन करत नसे. स्वतः जिना चढून प्रत्येक खोलीत जायची आणि म्हणायची, "तुझी प्रत उघड." लोक वैतागायचे. "आली बघ सासू," असं तिच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं पुटपुटायचे. एकदा एकानं विचारलंच, "ताई, फोनवर सांगितलं तर चालत नाही का?"

"फोनवर तू हो म्हणशील," ती म्हणाली. "तुझ्या 'हो'ला मी काय करू? मला तुझा पडदा बघायचाय."

त्या काळात माझ्यातून गेलेलं एकही गाठोडं चुकलं नाही. इस्पितळाला त्याबद्दल मानपत्र मिळालं. ते मेंगसाहेबांच्या खोलीत लागलं आणि त्यावर नावही त्यांचंच होतं. पुढे इन-सुकला वयाचं कारण दाखवून घरी पाठवलं. निरोपाला सगळ्यांनी कच्चा मासा खाल्ला, सोजू नावाची दारू घेतली, भाषणं केली, टाळ्या वाजवल्या. तिच्या जागी मात्र कोणालाच नेमलं नाही. खोल्याखोल्यांत जाऊन विचारणं हे काही काम आहे, असं मुळात कोणाला वाटलंच नव्हतं.

मग माझ्या प्रतींना वाली उरला नाही. जो तो आपली प्रत आपल्या घरात ठेवू लागला.

तिसऱ्या मजल्यावर कू बोन-चल हा औषधविभागाचा प्रोग्राम सांभाळायचा. सरळ माणूस, जरा भिडस्त. काही तेज औषधं किडनी दुबळी असलेल्या माणसाला पूर्ण मात्रेत दिली तर घात होतो. अशा रोग्यांवर खूण करावी, म्हणजे मात्रा आपोआप कमी होईल, असं त्याच्या मनात आलं. त्यासाठी त्याला नवा कप्पा हवा होता. तो मेंगसाहेबांकडे गेला.

"नवा कप्पा म्हणजे सगळ्यांच्या बैठका, सगळ्यांच्या सह्या," साहेब म्हणाले. "चौथा रिकामा पडलाय की. तो घे."

"पण साहेब, चार..."

"अरे, कुठल्या जमान्यात आहेस तू?"

बोन-चलनं चौथ्या कप्प्यात किडनीची खूण ठेवली. एक म्हणजे दुबळी, शून्य म्हणजे ठीक.

काही महिन्यांनी वरच्या मजल्यावर, त्या एफ मजल्यावर, बाहेरच्या कंपनीचा सॉनू ग्यू-हो आला. त्याच्याकडे स्वयंपाकघराचा प्रोग्राम. त्याला रोग्याच्या जेवणाचा प्रकार लिहायला जागा हवी होती. तोही मेंगसाहेबांकडे गेला. साहेबांनी त्यालाही तेच सांगितलं आणि बोन-चलला आधी काय दिलं होतं ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं. ग्यू-होकडे माझी जुनी प्रत होती. तिच्यात चौथा कप्पा रिकामाच दिसत होता. त्यानं तिथे जेवण ठेवलं. एक म्हणजे तांदळाची पेज, शून्य म्हणजे नेहमीचा भात.

मित्रांनो, नीट ऐका. एकाच गाठोड्यातला एकच आकडा. खालचा त्याला किडनी म्हणतो, वरचा त्याला जेवण म्हणतो. आणि कुठेही काही तुटत नाही. शिटी वाजत नाही, लाल दिवा लागत नाही. आकडा कप्प्यात नीट बसतो ना, मग दोन्ही प्रोग्राम खूश. गाठोडं फाटलं असतं तर कोणीतरी धावत आलं असतं. चुकीचं गाठोडं फाटतच नाही, हेच त्यातलं वाईट.

खुणा दिसत नव्हत्या असं नाही. किडनीचे जेवढे रोगी, तेवढ्या सगळ्यांच्या ताटात पेज येऊ लागली. वॉर्डातली ओक-ही नावाची परिचारिका हसायची. "वरच्यांना वाटतं किडनी दातात असते," ती म्हणायची. सगळा वॉर्ड हसायचा. विनोद चांगला होता. त्या विनोदाचं कारण विचारायला मात्र एकही माणूस खुर्चीतून उठला नाही.

अशातच मा गुम-रे आजी आल्या. कालवं काढताना शिंपल्याची धार पायाला लागली आणि जखम चिघळली. सोबत मुलगी सुन-ह्वा. बंदरावर तिचं सुकवलेल्या मांदेलीसारख्या बारीक मासळीचं दुकान. आल्या आल्या तिनं सांगितलं, "आईची किडनी दुबळी आहे. मागे एका औषधानं अंग सुजलं होतं तिचं. लिहून घ्या." ओक-हीनं लिहून घेतलं. चौथ्या कप्प्यात एक पडला. औषध कमी मात्रेत सुरू झालं, जखम सुकायला लागली.

आणि रोज तिन्ही वेळा पेज यायला लागली.

"ए पोरी," आजी ओक-हीला म्हणाल्या, "मला दात नाहीत असं कोणी सांगितलं?" त्यांनी तोंड उघडून दाखवलं. "वाळका माकुल चावते मी अजून. तुझे डॉक्टर चावून दाखवतील का?"

"आजी, मशीन पेजच सांगतंय."

"मशीनला म्हणावं, दुखणं पायाला आहे, तोंडाला नाही. ही पेज आमच्याकडे मेलेल्या माणसालासुद्धा ठेवत नाहीत."

सुन-ह्वानंही गळ घातली. "ताई, तिला भात द्या ना. ती जेवतच नाहीये. अशानं अंगात ताकद कुठून येणार?"

ओक-हीनं स्वयंपाकघराला फोन केला. तिथल्या माणसानं पडद्यावर पेज पुसली आणि भात निवडला. चौथ्या कप्प्यातला एक गेला, शून्य आला. गाठोडं पुन्हा बांधलं गेलं आणि खाली औषधविभागात सुटलं. मी तिथेही होतो, इथेही होतो. दोन्हीकडे मीच, आणि दोन्हीकडे मी वेगळं बोलत होतो. मला तोंड नाही. असतं तर मी सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला असता.

त्या दुपारी आजींना गरम भात मिळाला, शेवाळाचं सार मिळालं. सुन-ह्वानं घरून आणलेली किमची, म्हणजे मुरवलेल्या कोबीचं तिखट-खारट लोणचं, वाढली. आजी पोटभर जेवल्या आणि "आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. संध्याकाळचं औषध पूर्ण मात्रेत आलं.

सुन-ह्वानं विचारलं होतं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. सलाईनकडे बघून तिनं ओक-हीला विचारलं, "किडनीचं लक्षात आहे ना?" ओक-हीनं पडदा बघितला. खूण नव्हती. ती म्हणाली, "आता काही दाखवत नाहीये. म्हणजे डॉक्टरांनी बघून काढलं असणार." तिनं मनापासून सांगितलं. डॉक्टरांनी पडदा बघितला आणि त्यांना वाटलं, खूण नाही म्हणजे औषधविभागानं तपासलं असणार. औषधविभागानं काही बघितलंच नाही, कारण तिथे आता प्रोग्राम बघतो. एवढी माणसं आणि प्रत्येकाची खात्री दुसऱ्याच्या जिवावर.

आजींच्या तोंडावर सूज आली. मग लघवी थांबली. रक्त शुद्ध करायचं यंत्र लावलं, पण शरीरानं साथ दिली नाही. आजी गेल्या.

सुन-ह्वाच्या थोरल्या भावानं इस्पितळाच्या दारातच तिला ऐकवलं. "किडनीच्या माणसाला किमची भरवलीस तू. एवढं मीठ. तुझ्या हौसेपायी गेली आई." मेंगसाहेब तिथेच उभे होते. तोवर त्यांना चौथ्या कप्प्यातला घोळ कळला होता. ते मान खाली घालून म्हणाले, "घरचं खाणं देताना जपावं लागतं." आणि निघून गेले. मित्रांनो, मी पुष्कळ खोटे आकडे वाहिले असतील, पण एवढं स्वच्छ खोटं माझ्या कुठल्या कप्प्यात कधी बसलं नव्हतं.

चौकशीच्या खोलीत बोन-चल आणि ग्यू-हो पहिल्यांदा समोरासमोर आले. एकच गाठोडं बांधणारे-सोडणारे दोघं, मध्ये फक्त एक जिना. दोघांनी वाकून, दोन्ही हातांनी एकमेकांना आपापलं कार्ड दिलं. कार्ड वाचलं. मग दोघंही मेंगसाहेबांसमोर बसले.

"साहेब, चौथा घे असं तुम्हीच म्हणालात," बोन-चल म्हणाला.

"रिकामा आहे असं म्हणालो. दुसऱ्याला विचारू नकोस असं म्हणालो का?" मेंगसाहेब म्हणाले. "आणि मुळात इन-सुकनं रिकामा कप्पा ठेवलाच कशाला? साचाच सदोष."

झालं. दोष साच्याचा ठरला. साच्याला पगार नसतो, बढती नसते, बायकापोरं नसतात. घरच्यांना कळवलं गेलं की वय आणि जंतुसंसर्ग यामुळे मृत्यू.

बोन-चलला मात्र ते पचलं नाही. बाहेर बोललास तर नोकरी जाईल, असं त्याला बजावलं होतं. तरी तो एका सकाळी बंदरावर गेला. त्याच्या फोनमध्ये माझ्या दोन्ही प्रती होत्या, म्हणून मीही गेलो. सुन-ह्वा मासळी पसरत होती. ती स्वतःच वाळून गेली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं, दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या.

तिनं फोनकडे बघितलं नाही. "किमचीनं नाही?" एवढंच विचारलं.

"नाही."

"भातानं?"

"नाही. तुम्ही बरोबर विचारलं होतं. आम्ही एकमेकांना विचारलं नाही."

तिनं हात पदराला, म्हणजे तिच्या रबरी एप्रनला, पुन्हा पुन्हा पुसले. मग म्हणाली, "हे मला एकटीला सांगून जाऊ नका. रविवारी आईच्या नावानं पान मांडायचंय, भाऊ येईल. त्याच्यासमोर सांगा. मी सांगितलं तर तो म्हणेल, स्वतःला वाचवतेय."

बोन-चल गेला. धूप लावलेल्या खोलीत सगळ्या नातेवाइकांपुढे गुडघे टेकून त्यानं तेच पुन्हा सांगितलं. भाऊ उठून बाहेर गेला. बराच वेळ पायरीवर पाठ करून बसला. मग आत आला आणि बहिणीनं केलेल्या किमचीचं भांडं स्वतः उचलून त्यानं आईच्या तसबिरीपुढे ठेवलं. बोन-चलची नोकरी गेली. मेंगसाहेबांची नाही गेली.

आता नवा साचा होणार आहे. त्यात किडनीला वेगळा कप्पा, जेवणाला वेगळा. छान आहे. पण तो बनवणारे पुन्हा दोन वेगळ्या खोल्यांत बसले आहेत, आणि मला वाटतं, त्यांनी अजून एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कोणाची ना कोणाची गाठोडी बांधाल. कोणाचं औषध, कोणाचं घर, कोणाचं नाव त्यात असेल. आकडा कप्प्यात बसला म्हणून अर्थ बसला असं समजू नका. हातातलं गाठोडं सोडण्याआधी ज्यानं बांधलं त्याला शोधा आणि विचारा, "यात तू काय ठेवलंयस?" तो हसेल. हसू दे. वरिष्ठ म्हणतील वेळ नाही. त्यांना म्हणावं, वेळ आम्ही काढतो, तुम्ही फक्त आडवे येऊ नका.

सुन-ह्वाला आता झोप लागते की नाही, मला ठाऊक नाही. तिचं गाठोडं माझ्याकडे कधी आलं नाही. येऊही नये.