सुर्दो आणि बाबांच्या गप्पा

त्या वर्षी सान्ता ओफेलिया गावाची रेल्वे बंद झाली नसती, तर नोएमी आणि तिची मैत्रीण यामिला नेहमीसारख्या गाडीनेच तान्दीलला गेल्या असत्या.

नोएमी तेव्हा बावीस वर्षांची होती. चपलांच्या दुकानात नोकरी करायची आणि सुट्टी मिळाली की सुर्दोच्या मागे धावायची. सुर्दो म्हणजे डावखुरा. डाव्या हाताने गिटार वाजवणारा हा घोगऱ्या आवाजाचा गायक राजधानीत फारसा दिसत नसे. आज या गावी, महिन्याने त्या गावी. मिळेल त्या वाहनाने पोरंपोरी त्याच्या पाठोपाठ जायची. झेंडे फडकवत, वाटेत मांस भाजून खात, घसा बसेपर्यंत गात. नोएमीने त्याचे सात कार्यक्रम पाहिले होते आणि सातही वेळा तो तिला नखाएवढाच दिसला होता.

तिचे वडील इलारिओ सव्वीस वर्षं गावचे स्टेशनमास्तर होते. मार्चमध्ये गाडी बंद झाली, तेव्हापासून ते स्वयंपाकघरात माते, म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, पीत बसून असत. फारसं बोलत नसत. म्हणून त्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "मी सोडतो तुम्हाला. पिकअप नुसता उभा आहे, मीही नुसता बसलोय," तेव्हा दोघी चाटच पडल्या.

सवयीने बाबांनी हमरस्ता सोडला आणि रुळांच्या कडेचा जुना रस्ता धरला. दुपारी एका खाणावळीपाशी वाफा सोडणारी व्हॅन दिसली. ड्रायव्हर डोकं खाजवत उभा होता आणि टोपी घातलेला एक माणूस त्याला पाणी आणून देत होता.

बाबा उतरले, बॉनेटमध्ये वाकले. "पाइप फाटलाय. तार आहे का? राहू दे, माझ्याकडे आहे."

टोपीवाल्याने डाव्या हाताने कळशी उचलली आणि यामिलाने नोएमीच्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर वळ राहिला.

"नोए! तोच आहे!"

"गप्प बस. मला चक्कर येतेय."

पाइप बसला. टोपीवाला आदराने म्हणाला, "डॉन, आता जेवल्याशिवाय जायचं नाही." आणि पाचजण एका टेबलाशी बसले. मिलानेसा, म्हणजे मांसाचे तळलेले काप, आले, वाइन आली. इतक्या वर्षांत नोएमीने मनात सुर्दोशी किती बोलणं रचलं होतं! आता तो समोर बसून पाव मोडत होता आणि तिच्या तोंडून मीठ मागायलाही शब्द फुटेना.

"कुठे निघालात?" त्याने बाबांना विचारलं.

"तान्दीलला. ही आमची पोरगी कुठल्याशा गवय्यामागे वेडी झालीय. मी कॅसेट ऐकलीय त्याची. गातो कसला, बोंबलतो!"

नोएमीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ड्रायव्हरला ठसका लागला. सुर्दो मात्र गंभीरपणे म्हणाला, "बोंबलतो खरा. मीही ऐकलंय त्याला." आणि मुलींकडे पाहून हळूच डोळा मिचकावला. "तुम्ही काय करता, डॉन?"

"स्टेशनमास्तर होतो."

"शेवटची गाडी तुम्हीच सोडलीत?"

घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वाईट वाटेल म्हणून आई आणि नोएमी तो विषयच टाळत आल्या होत्या. बाबांनी काटा खाली ठेवला.

"मीच सोडली. चार प्रवासी होते. ड्रायव्हरने शिटी दिली ती पुलापर्यंत थांबवलीच नाही. गाडी गेली, मग मी फलाट झाडला. दिवे पुसले, तेल भरलं. कशाला, ते विचारू नका. सकाळी पुन्हा गणवेश चढवून गेलो. असे नऊ दिवस गेलो. बायकोला सांगायचो, हिशेब द्यायचे राहिलेत."

"दहाव्या दिवशी?"

"कुणीतरी घंटा काढून नेली होती. मग नाही गेलो."

सुर्दोने त्यांचा पेला भरला, पण धीराचं एक अक्षरही बोलला नाही. घंटा केवढी होती, आवाज कसा होता, एवढंच विचारत राहिला. आणि बाबा हातवारे करून सांगत राहिले. तासभर. नोएमी सुर्दोकडे बघायचं विसरून गेली. बाबांच्या हनुवटीखाली दाढीचा एक पांढरा पट्टा राहून गेला होता, तो तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

निघताना सुर्दोने तिच्याशी हात मिळवला. "आज जरा जोरात बोंबलेन," तो कानाशी म्हणाला.

कार्यक्रमात तो खाणावळीबद्दल काहीच बोलला नाही. नेहमीसारखाच गायला. बाबा बाहेर बसवाल्यांबरोबर माते पीत थांबले. परतीच्या वाटेवर यामिलाला राहवेना. तिने सांगून टाकलं.

बाबांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "मेल्याने सांगायचं तरी! मी त्याच्या तोंडावर बोललो."

"तो कबूल झाला ना, बाबा!"

यावर बाबा इतके हसले की पिकअप कडेला घ्यावा लागला. मार्चनंतर ते हसलेलं नोएमीने पाहिलं नव्हतं.

पुढे ती आणखी अकरा कार्यक्रमांना गेली. दर वेळी बाबाच न्यायचे. सुर्दो पुन्हा कधी भेटला नाही. यामिला लग्न होऊन दक्षिणेला गेली, पिकअप विकला, बाबाही गेले. आज पन्नाशी ओलांडलेल्या नोएमीला कुणी विचारलं, सुर्दो प्रत्यक्षात कसा होता, तर ती थोडा वेळ आठवते आणि म्हणते, "ऐकून घ्यायचा."